सुपारीचं तबक

"आत्ती, आज तरी सुपारी घे गं," जीप वैराग ओलांडून पुढं गेल्यावर मल्लिनाथ माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "सतरा झाल्या. आता ऑफिसातले लोक विचारायचेसुद्धा थांबलेत."

"आधी मुलगी तर बघू दे."

"तू बघतेस, तीच तर भीती आहे."

पुढच्या सीटवर बसलेले अण्णा, माझे थोरले भाऊ आणि त्याचे वडील, मागं न वळता हसले. वहिनी हसल्या नाहीत. आपल्या मुलाचं लग्न नणंदेच्या एका डोळ्यापायी अडलंय असं वहिनींचं मत होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं.

एक डोळा, कारण दुसऱ्याचा उपयोग नाही. चार वर्षांची असताना खळ्यावर माझ्या डाव्या डोळ्यात ज्वारीचं कुसळ गेलं. शेजारच्या म्हातारीनं काडीला कापूस गुंडाळून ते काढलं. कुसळ निघालं, जखम चिघळली आणि बुबुळावर पांढरं फूल राहिलं. पुढं मी सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बुबुळावरची काच बदलून काही फायदा नाही, हा डोळा लहानपणीच बघायचं विसरलाय; पण हवी तर रंगीत लेन्स बसवू, समोरच्याला कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, ज्यांनी बघायचं त्यांनी बघून झालंय, आता नवीन कुणापासून लपवू?

त्या दवाखान्यात मला तोवर सव्वीस वर्षं झाली होती. नंबर काढायचे, थेंब घालायचे, डॉक्टरांच्या आधी पेशंटला बसवून डोळा तपासायचा. समोर बसलेल्या माणसाचा आधी डोळा बघायची आणि मग माणूस बघायची सवय लागली होती. ती सुट्टीच्या दिवशी थांबत नसे. म्हणून तर अण्णा मला प्रत्येक मुलगी बघायला नेत. "आमच्या सिंधूचा एक डोळा आपल्या दहांना भारी," असं ते चार पाहुण्यांत सांगत. आणि त्यांनी एक युक्ती काढली होती. मुलगी बघून झाली की पान-सुपारीचं तबक फिरतं. मी सुपारी उचलली तर पसंत. नाही उचलली तर बाहेर पडताना अण्णा हात जोडून "कळवतो" म्हणत. तोंडानं नकार नाही, कुणाचा अपमान नाही. या युक्तीचा अण्णांना फार अभिमान होता. बहिणीला मान दिल्यासारखं दिसे, आणि सतरा नकारांचा दोषही बहिणीच्याच पदरात पडे.

अठरावी मुलगी बार्शीची. वीरभद्र उडगे, हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांची एकुलती एक, शिवलीला. उडगे हे आडनाव ऐकल्यापासून मी पाच दिवस घरात गप्प होते. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मी बोलत असतानाही आमच्याकडं फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

उडगे सर दारात उभे होते. अंगानं सुकलेले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. अण्णांना नमस्कार केला, वहिनींना केला, मग माझ्याकडं बघून हात जोडले. ते जोडलेलेच राहिले.

"या," ते म्हणाले. एवढंच. अण्णांशी मात्र नंतर भरभरून बोलले.

आम्ही बसलो. पंखा, भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर, टीपॉयवर क्रोशाचा रुमाल. इकडच्या-तिकडच्या ओळखी निघाल्या. मग आतला पडदा हलला आणि शिवलीला फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या सुशीलाच्या, बश्या मांडलेला ट्रे घेऊन आली.

हळूहळू चालत आली. ट्रे टेकवण्याआधी करंगळीनं टीपॉयची कड चाचपली. पहिली बशी अण्णांच्या हातात बरोबर दिली. दुसरी दिली ती वहिनी आणि मी यांच्यामध्ये, जिथं नुसती उशी होती. वहिनींनी पुढं होऊन ती झेलली आणि खुशीत माझ्या कानाशी पुटपुटल्या, "किती अलवार पावलं टाकते हो!"

"लाजरी आहे आमची," मुलीची आई म्हणाली.

लाजरी कसली! ती पावलं मोजत होती. पडद्यापासून टीपॉयपर्यंत सात. तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वण होते, ताजे.

ती समोरच्या खुर्चीवर बसली. बसल्या बसल्या उजव्या हाताच्या बोटांची पेरं डोळ्यांत घालून करकचून चोळायला लागली, तशी आईनं मागून तिला चिमटा काढला. मला ऐकू आला म्हटलं तरी चालेल.

"काय शिकलीस, बाई?" वहिनींनी विचारलं.

"एमेस्सी. गणित. इथंच ज्युनिअर कॉलेजात शिकवते."

"अगंबाई. एवढा अभ्यास करून चष्मा नाही लागला?"

"नाही हो," आई घाईनं म्हणाली. "कधीच नाही. आमच्या घराण्यातच नाही."

शिवलीलेनं वहिनींकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मल्लिनाथकडं. बघितलं म्हणजे डोळे बारीक करून, मान किंचित तिरकी करून, एखादं पुसट खडूनं लिहिलेलं गणित वाचावं तसं. मल्लिनाथ अवघडून खुर्चीत सावरून बसला. परक्या मुलीकडून एवढं निरखून घ्यायची त्याला सवय नव्हती; निरखायचं काम नेहमी त्याच्या बाजूचं असे.

उडगे सरांना ते खटकलं. "खाली बघ, बाळ," ते हळूच म्हणाले. "मोठ्यांपुढं असं टक लावून बघू नये."

तिनं नजर खाली टाकली. आणि तिथं मला दिसलं.

खाली बघताना आपली खालची पापणी बुबुळावर गोलसर टेकते. तिची डाव्या डोळ्याची पापणी मधोमध टोकदार होऊन पुढं आली होती. आतून कुणी बोटाचं टोक लावावं तशी. सव्वीस वर्षांत शे-दोनशे माणसांना मी दवाखान्यात "खाली बघा" म्हणून सांगितलं असेल ते हेच बघायला. इथं माझं काम तिच्या बापानं केलं होतं.

बुबुळावर जी पारदर्शक काच असते, कॉर्निया, ती काही जणांची पातळ व्हायला लागते. पातळ झाली की आतल्या दाबानं पुढं येते, आणि गोल राहायची ती शंकूसारखी होते. केराटोकोनस म्हणतात. ऐन विशीत वाढतो. डोळे चोळणाऱ्यांचा जास्त वाढतो. चष्म्याचा नंबर चार महिन्यांत बदलतो, दुकानदार नवा चष्मा देतो, घरचे म्हणतात अभ्यास कमी कर. वेळेत पकडला तर तिथल्या तिथं थांबवता येतो. नाही पकडला तर काच बदलावी लागते, आणि ती गेलेल्या माणसाचीच मिळते.

शेल्फावर सुपारीचं तबक तयार होतं. दहा मिनिटांत फिरणार.

मी मनात मांडणी केली. सुपारी उचलली, तर ही मुलगी चष्मा कप्प्यात ठेवून आमच्या घरात येणार, वर्षभरात तिला दिसेनासं होणार, आणि वहिनी म्हणणार, आंधळी मुलगी आमच्या गळ्यात मारली. नाही उचलली, तर अण्णा "कळवतो" म्हणणार, आणि ही पुढच्या पाहुण्यांपुढं सात पावलं मोजत जाणार, त्या पुढच्यांपुढंही, आणि तोवर काच पातळ होत राहणार. इथंच बोलून टाकलं, तर संध्याकाळच्या आत बार्शी ते सोलापूर सगळ्या घरांत पोचलं असतं की उडग्यांच्या मुलीच्या डोळ्यात दोष आहे. 'दोष' हा शब्द एकदा चिकटला की त्याला कुठला थेंब लागू पडत नाही. हे मला दवाखान्यात शिकावं लागलेलं नव्हतं.

"हात कुठं धुवायचे?" मी उठले.

"शिवा, आत्यांना दाखव," आई म्हणाली.

मागच्या पडवीत बेसिन होतं. मी नळ सोडला आणि सोडूनच ठेवला.

"चष्मा कुठाय?"

"कुणाचा?"

"माझा. नाकावर वण तुझ्या पडलेत, पण चष्मा माझाच असणार."

ती हसली नाही. पण खोटंही बोलली नाही. "कपाटात. तिसऱ्या कप्प्यात. तिन्ही."

"तिन्ही?"

"दीड वर्षात तीन झाले. दुकानवाला म्हणतो, मॅडम कॉम्प्युटर कमी बघा. बाबा म्हणतात पुस्तकं कमी कर. आई म्हणते गाजर खा." तिनं सवयीनं डोळ्याकडं हात नेला. मी मनगट धरून तो खाली घेतला.

"चोळायचं नाही. चंद्र किती दिसतात?"

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. नळाचं पाणी वाहत होतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"किती?"

"उजव्यानं दोन. डाव्यानं चार-पाच, एकात एक अडकलेले." आवाज खाली आला. "आईला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, असलं कुणापुढं बोलू नकोस, वेड लागलंय म्हणतील."

"आणि रस्त्यावरचा दिवा?"

"त्याला दाढी फुटते."

माझ्या पर्समध्ये पेनाएवढी बॅटरी कायम असते. मी तिला भिंतीकडं तोंड करून उभी केली आणि कडेनं उजेड टाकला. साध्या डोळ्यात तो उजेड पसरतो. तिच्या डाव्या डोळ्यात पलीकडच्या कडेला गोळा होऊन ठिणगीसारखा चमकला. उजव्यातही होता, पण मंद. मग काय आहे, कशानं होतं, काय करता येतं, ते चार वाक्यांत सांगितलं.

"आंधळी होणार मी?"

"नाही. पण हे असं लपवत बसलीस तर हाल होतील. उजवा थांबवता येईल असं वाटतंय. डाव्याचं मशीनवर मोजल्याशिवाय सांगत नाही. सोमवारी सोलापूरला आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ये."

मला वाटलं रडेल. ती संतापली. कान लाल झाले.

"म्हणजे कॉम्प्युटरमुळं नाही?"

"नाही."

"अभ्यासामुळं नाही?"

"अजिबात नाही."

"पीएचडीचा फॉर्म भरलेला परत घ्यायला लावला मला. डोळे जातील म्हणून." तिनं नळ बंद केला, इतक्या जोरात की तोटी करकरली. "आणि आता? आत जाऊन तुम्ही सुपारी घेणार नाही."

"तुला कुणी सांगितलं सुपारीचं?"

"बार्शीत सगळ्यांना माहितीय. सोलापूरचे ते, त्यांची आत्या सुपारी उचलते का बघायचं. तुमच्यापुढं ठेवायला बाबांनी भाजकी सुपारी मुद्दाम पंढरपूरहून आणवली."

अण्णांची गुप्त युक्ती! मला त्याही स्थितीत हसू फुटलं.

"नाही घेतलीत तरी चालेल," ती म्हणाली. "पण कारण कळणार नाही कुणाला. आई म्हणेल, तू टक लावून बघितलंस म्हणून गेलं स्थळ. मग पुढच्या वेळी अजून खाली बघायला लावतील."

"मी बाहेर एक शब्द बोलणार नाही. डोळा तुझा आहे. सांगायचं की नाही, तू ठरव."

ती आतल्या खोलीत गेली. कप्पा ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात तीन चष्मे होते, पत्त्यांसारखे धरलेले.

"यातला कुठला घालू?"

"जो सगळ्यात कमी खोटं दाखवतो तो."

तिनं तिन्ही लावून बघितले आणि जाड काळ्या काड्यांचा ठेवला.

आम्ही बैठकीत शिरलो तेव्हा अण्णा आणि उडगे सर मंगल कार्यालयांच्या तारखांपर्यंत पोचले होते. आईनं मुलीकडं बघितलं आणि हातातला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

"शिवा!"

"मला चष्मा आहे," शिवलीला म्हणाली. उभ्यानंच, वर्गात म्हणावं तशी, मागच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात. "काढून ठेवायला सांगितला होता म्हणून ठेवला होता. तोसुद्धा पुरत नाही. मला डोळ्याचा आजार आहे. आत्यांनी आत्ता बघितलं. सोमवारी मी त्यांच्या दवाखान्यात जाणार आहे."

वहिनींनी हातातली बशी टीपॉयवर ठेवली.

"काहीतरीच!" आई म्हणाली. "अहो, तिला थोडं तिरळं— तिरळं नाही हो, थोडा नंबर—"

"बाई, आधीच कळलं ते बरं झालं," वहिनी पदर सावरत म्हणाल्या आणि चपला कुठं काढल्यात ते बघायला लागल्या.

अण्णा वाईट माणूस नव्हते. पण अशा वेळी काय करायचं हे त्यांच्या युक्तीत बसत नव्हतं. ते गोंधळले, शेल्फावरचं तबक स्वतःच उचललं आणि माझ्यापुढं धरलं. "सिंधू?" म्हणाले. सगळ्यांच्या नजरा माझ्या हाताकडं. उडगे सरांचीही. खरं तर त्यांची सगळ्यात जास्त.

मी तबक हातात घेतलं. उठले आणि शिवलीलेपुढं धरलं.

"आज हिनं घ्यायची. पसंत असेल तर."

"असं कुठं असतं?" अण्णा म्हणाले.

"बार्शीत. आजपासून."

शिवलीलेनं तबक माझ्याकडून घेतलं. मग ती मल्लिनाथकडं वळली आणि चष्म्यातून त्याला बघितलं. पहिल्यांदाच बघत होती; मघाशी तिला खुर्चीत निळ्या शर्टाचा एक ढग दिसला असणार.

"सोमवारी तुम्ही याल का दवाखान्यात?" तिनं विचारलं. "डॉक्टर काय म्हणतात ते दोघांनी ऐकलेलं बरं."

मल्लिनाथ माझा भाचा. मी त्याला खांद्यावर खेळवलंय. मऊ मनाचा पोरगा, रस्त्यात कुत्रं दिसलं तर गाडी थांबवणारा. त्यानं बोलायला तोंड उघडलं, आणि अण्णांकडं बघितलं. अण्णांनी वहिनींकडं. वहिनींनी दाराकडं.

फार वेळ नाही. नळाचे तीन थेंब पडतील एवढाच.

शिवलीलेनं तबक टीपॉयवर ठेवलं. या वेळी कड चाचपली नाही. सुपारी जशीच्या तशी होती.

"कळवते," ती म्हणाली आणि अण्णांना हात जोडले.

जीपमध्ये वहिनींच्या तोंडाला वैरागपर्यंत खळ नव्हता. "दोष हिच्यात, आणि नकार आम्हाला! आणि तबक कुणी नेऊन दिलं? आपल्याच माणसानं!" अण्णा खिडकीबाहेर बघत होते. वैरागच्या स्टँडवर चहाला थांबलो तेव्हा मल्लिनाथ माझ्याजवळ आला.

"आत्ती, मी काय म्हणायला पाहिजे होतं?"

"येतो."

"एवढंच?"

"एवढंच होतं रे."

त्यानं चहा संपवला नाही. एकोणिसाव्या मुलीला बघायला मला नेलं नाही, आणि लग्न तिथंच ठरलं. संसार छान चाललाय. वहिनी माझ्याशी चार वर्षं बोलल्या नाहीत. ती चार वर्षंही छान गेली.

शिवलीला सोमवारी आली. डॉक्टर यायच्या आधी मी कपाटातली ती जुनी काळ्या-पांढऱ्या गोल रेघांची तबकडी काढली, तिच्या डोळ्यासमोर धरली आणि मधल्या भोकातून बघितलं. चांगल्या डोळ्यावर त्या रेघांचं प्रतिबिंब गोल पडतं, पाण्यात खडा टाकल्यावर लाटा उठतात तसं. तिच्या डाव्या डोळ्यावर ते अंड्यासारखं लांबट पडलं होतं आणि खाली सगळ्या रेघा दाटीवाटीनं एकमेकीवर चढल्या होत्या. मशीननं नंतर तेच रंगीत नकाशा काढून सांगितलं. उजव्या डोळ्याची काच अजून जाड होती. ती घट्ट करून आजार जागीच थांबवता येणार होता. डाव्याची वेळ निघून गेली होती. त्याच्यासाठी नेत्रपेढीच्या यादीत नाव घातलं. पुढं चौदा महिन्यांनी एका अनोळखी माणसाची काच तिला मिळाली, सोळा टाके पडले आणि दीड वर्षात एकेक करून निघाले. आता ती पुण्यात गणिताची प्राध्यापक आहे. पीएचडी झाली. कोजागरीला दरवर्षी तिचा फोन येतो. हॅलो म्हणत नाही, "एक" म्हणते, आणि ठेवून देते.

पण मला सांगायचंय ते उजव्या डोळ्याच्या दिवसाचं. सोमवारनंतरचा तो दुसरा गुरुवार.

या उपचारात आधी अर्धा तास पिवळे थेंब घालतात, दर काही मिनिटांनी एक, आणि मग तेवढाच वेळ डोळ्यावर निळा उजेड. शिवलीला आत होती. उडगे सर बाहेर बाकावर, गुडघ्यावर हात ठेवून. आईला पेलवलं नाही म्हणून ती बार्शीलाच राहिली होती. मी माझं काम आटोपून त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघं समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत होतो. त्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ मला पाठ आहे, मी ती त्या दिवशी सावकाश वाचली.

"अक्का," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही मला ओळखलंत."

"आडनाव ऐकल्यावरच."

"मीही. दारात खात्री झाली. तुमच्या घराच्या पायरीला तेव्हा निळा रंग होता."

"हिरवा. आणि तुम्ही तपकिरी स्वेटर घातला होतात, मे महिन्यात. नवा होता म्हणून."

ते जरा हसले. मग हसू गेलं. "एकोणीसशे ऐंशी. मी सुपारी उचलली नव्हती."

"नव्हती. अकरा जणांतले तुम्ही चौथे."

अण्णा त्या काळात पुण्याला नोकरीला होते. वडिलांच्या पत्रांतून त्यांना "जमलं नाही" एवढंच कळायचं. कुणाशी जमलं नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. सुपारीची युक्ती आपण शोधली असं ते मरेपर्यंत समजत होते. ती आपल्याकडं आधीपासूनची आहे. मी अकरा वेळा ते तबक हातात धरून उभी राहिले होते, आणि समोरच्याचा हात मांडीवरून हलतो की नाही, ते खाली मान घालून एका डोळ्यानं बघितलं होतं.

"तुमच्यापासून काय लपवायचं, सर," मी म्हटलं. "मी बार्शीला निघाले तेव्हाच ठरवलं होतं, सुपारी घ्यायची नाही. तुमची मुलगी कशीही असो. तबक समोर आलं की हात मांडीवर ठेवायचा आणि तुमच्या तोंडाकडं बघत बसायचं. एकोणतीस वर्षं मनात तयारी होती."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच होतं. म्हणून तर पंढरपूरची सुपारी आणली." ते माझ्याकडं वळले. "मग उठून आत का गेलात?"

"तिनं खाली बघितलं."

आतून नर्सचा आवाज आला, शेवटचा थेंब, आता उजेड. उडगे सरांनी खिशातलं एक पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं.

"मला तुम्हाला हो म्हणायचं होतं, असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "खोटं होईल. पण नाही म्हणायचं होतं, असंही नव्हतं. तबक आलं, आणि मी वडिलांकडं बघितलं." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "त्या दिवशी तुमच्या भाच्यानं बघितलं ना, तसंच. अगदी तसंच."

बोलायचं ते माझं एकोणतीस वर्षांत शंभर वेळा बोलून झालं होतं, वेगवेगळ्या शब्दांत, स्वयंपाक करताना, बसमध्ये, दवाखान्याच्या जिन्यावर. समोर माणूस आल्यावर त्यातलं एकही वापरावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात दार उघडलं. नवीनच लागलेली नर्स होती, हातात कागद. "शिवलीला उडगे यांच्याबरोबर कोण आहे? डोळा दुखणार दोन-तीन दिवस, रात्रीचे थेंब समजावून सांगायचेत. आई आहे का? की दुसरं कुणी बोलावताय?"

माझ्या बाजूला बाक हलला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कुणाकडंच बघितलं नाही.

"मी आहे," उडगे सर म्हणाले, तोवर ते दारापाशी पोचलेही होते.